लढाई थांबली तरी कैदी लगेच का सुटत नाहीत? आणि 'बेपत्ता' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न विचारणाऱ्यांच्या आजीचे सख्खे भाऊ, म्हणजे घरातले 'मामा', १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर होते. घरी तार आली, तीत 'मिसिंग, बिलीव्हड किल्ड' (बेपत्ता, मारले गेल्याचा समज) एवढेच शब्द. आजी अजूनही म्हणते, लढाई तर १७ डिसेंबरला थांबली, मग आपली माणसं यायला वर्ष का लागलं? आणि त्यांची माणसं आपल्याकडे अडीच वर्षं कशाला ठेवली होती? विचारणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: इतका उशीर का झाला, आणि सुटून आलेल्यांच्या यादीत मामांचं नाव नव्हतं म्हणजे ते गेलेच असं धरायचं का. जाता जाता हेही विचारलंय की मृतांचे आकडे पुस्तकागणिक का बदलतात.

मी पायदळाच्या एका रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात सव्वीस वर्षं काढली. कारकून म्हणून भरती झालो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. १९७१ मध्ये मी शाळेत होतो, त्यामुळे त्या लढाईबद्दल जे सांगतो ते फायलींतून आणि वरिष्ठांकडून कळलेलं. कारगिलच्या वेळी मात्र कॅज्युअल्टीचं, म्हणजे मृत, जखमी आणि बेपत्तांच्या नोंदींचं, टेबल माझ्याकडेच होतं. उत्तर लांबणार आहे, कारण प्रश्न दोन दिसले तरी गाठ एकच आहे: नाव कोणत्या कागदावर चढलं.

आधी उशिराचं बघू. शस्त्रसंधी म्हणजे फक्त गोळी थांबणं. कैद्यांची सुटका हा वेगळा निर्णय असतो. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ११८ सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर युद्धबंद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवावं. वाचायला अगदी सरळ आहे. पण 'विनाविलंब' म्हणजे किती दिवस हे तिथे लिहिलेलं नाही, आणि लढाई खरंच थांबली की नुसती विसावली आहे, हे ठरवणारा पंचही नाही. ज्याच्या हातात कैदी असतात त्याच्या हातात वाटाघाटीचा हुकमी पत्ता असतो, आणि तो पत्ता कोणी फुकट टाकत नाही. आपणही टाकला नाही. हे कडू वाटेल, पण १९७१ समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

१९७१ मध्ये कैद्यांचे दोन अगदी निराळे गठ्ठे होते, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला पूर्वेचा. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानचे जनरल नियाझी यांनी शरणागती पत्रावर सही केली आणि सुमारे ९३ हजार माणसं आपल्या ताब्यात आली. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो, पण हे सगळे सैनिक नव्हते. गणवेशातले ऐंशी हजारांच्या आत, त्यांतही निमलष्करी आणि पोलिस धरून. उरलेले नागरी अधिकारी, बायका, मुलं. त्यांना गाड्यांनी आणून रांची, आग्रा, ग्वाल्हेर, मेरठ, जबलपूर अशा ठिकाणी ठेवलं. नियाझी स्वतः जबलपूरला होते.

दुसरा गठ्ठा पश्चिमेचा, आणि तो लहान. आपले सहाशेच्या वर त्यांच्याकडे, त्यांचे साडेपाचशेच्या आसपास आपल्याकडे. तुमच्या आजीच्या भावाचा संबंध फक्त या दुसऱ्या गठ्ठ्याशी येतो. ९३ हजारांच्या सुटकेला अडीच वर्षं लागली, त्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आजींना हे नक्की सांगा, कारण मला वाटतं त्यांच्या मनात हे दोन हिशेब एक झाले आहेत.

पश्चिमेचे कैदी १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून बदलले गेले. जखमींची काही देवाणघेवाण त्याआधी झाली होती. म्हणजे तिथेही जवळजवळ वर्ष गेलं. २ जुलै १९७२ च्या सिमला करारात सैन्य मागे घेण्याचं ठरलं, पण युद्धबंद्यांचा विषय पुढच्या बैठकांवर टाकला गेला. कैद्यांना बाहेरचं राजकारण कळत नसतं. त्यांना एवढंच दिसतं की गोळीबार थांबून महिने लोटले तरी दार उघडत नाही. म्हणूनच आपले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे वैमानिक ऑगस्ट १९७२ मध्ये, शस्त्रसंधीला आठ महिने झाल्यावर, रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निघाले. पेशावर गाठलं, अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पोचले आणि लंडी कोतलला पकडले गेले. कारण काय, तर त्यांनी लंडी खानाच्या रेल्वे स्टेशनाची चौकशी केली, आणि ते स्टेशन १९३२ पासून बंद होतं. जुन्या नकाशाने घात केला. पुढे तेही १ डिसेंबरलाच वाघ्यावरून परत आले.

पूर्वेच्या ९३ हजारांचं गाडं अडकलं ते तीन गाठींत. शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त फौजांपुढे झाली होती, म्हणून आपण म्हणत होतो की बांगलादेशाच्या संमतीशिवाय सोडता येणार नाही. पाकिस्तान बांगलादेशाला मान्यताच देत नव्हता, मग संमतीची बोलणी करायची कोणाशी? आणि बांगलादेशाला काही जणांवर नरसंहाराचे खटले चालवायचे होते. ती यादी शेवटी १९५ नावांवर येऊन थांबली. तिकडे लाखो बंगाली माणसं पाकिस्तानात अडकून पडलेली, आणि त्यांतल्या काही अधिकाऱ्यांवर आम्हीही खटले भरू अशी पाकिस्तानची धमकी. म्हणजे ओलीस दोन्हीकडे होते, फक्त शब्द वेगवेगळे.

मे १९७३ मध्ये पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि डिसेंबरात खटला मागे घेतला. मधल्या काळात, २८ ऑगस्ट १९७३ ला, दिल्ली करार झाला होता: पाकिस्तानी कैदी, पाकिस्तानातले बंगाली आणि बांगलादेशातले पाकिस्तानी, तिघांची वाहतूक एकाच वेळी. १९ सप्टेंबरला गाड्या सुटायला लागल्या. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली, एप्रिलमध्ये १९५ जणांचे खटले सोडून देण्याचं ठरलं, आणि ३० एप्रिल १९७४ ला नियाझी वाघा ओलांडून गेले.

आपण चूक केली का? मला विचाराल तर अर्धं उत्तर हो. सैनिकांना खटल्यासाठी मागे ठेवायला करारातच जागा आहे. कलम ११९ प्रमाणे ज्यांच्यावर फौजदारी कारवाई चालू आहे त्यांना रोखता येतं. पण त्या १९५ जणांसाठी बाकीच्या नव्वद हजारांना, आणि त्यांतल्या बायकामुलांना, थांबवायला कायद्याचा आधार लंगडा होता. दुसरीकडे, त्यांना आधीच सोडलं असतं तर पाकिस्तानात अडकलेल्या बंगाल्यांचं काय झालं असतं, हाही प्रश्न खोटा नाही. माझे एक वरिष्ठ अशा छावणीत वर्षभर ड्युटीला होते. ते म्हणायचे, "राशन, दवाखाना, पत्रं, सगळं नियमाने दिलं. तारीख तेवढी देता आली नाही."

असा घोळ फक्त आपलाच नाही. कोरियात शस्त्रसंधीची बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली आणि सही २७ जुलै १९५३ ला झाली. मधला बहुतेक काळ अडला तो एका मुद्द्यावर: ज्या कैद्याला परत जायचं नाही त्याला बळजबरीने पाठवायचं का? त्या काळात आघाडीवर माणसं पडतच होती, म्हणजे कैद्यांच्या वादापायी नवे मृत आणि नवे कैदी तयार होत होते. १८ डिसेंबर १९५१ ला दोन्ही बाजूंनी याद्या बदलल्या. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने सुमारे १ लाख ३२ हजार नावं दिली. समोरून, म्हणजे उत्तर कोरिया आणि चीनकडून, आली ११,५५९. त्याच बाजूने आधी रेडिओवर आम्ही ६५ हजार पकडले अशी फुशारकी मारलेली. उरलेले कुठे गेले, याचं उत्तर हजारो घरांना कधीच मिळालं नाही. फुशारकीचा आकडा कोणीही सांगू शकतो. यादीत मात्र नाव, नंबर, हुद्दा लिहावा लागतो.

तिथे आपल्या माणसांनी केलेलं काम फारसं कोणाला ठाऊक नाही. परत जायला नकार देणारे साडेबावीस हजारांवर कैदी सांभाळायला भारताची तुकडी गेली होती. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि त्या तुकडीचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. एकदा चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणात ओढून धरून ठेवलं. गोळीबार केला असता तर प्रेतांची रास पडली असती. थोरात स्वतः आत गेले, बोलत बसले आणि त्याला घेऊन बाहेर आले. शेवटी त्या साडेबावीस हजारांतले थोडेच मायदेशी परतले. ८८ जणांना दोन्ही बाजू नको होत्या. ते आपल्या तुकडीबरोबर जहाजाने मद्रासला आले. कैदी म्हटलं की घरी जायला आसुसलेला असणारच, हे आपण गृहीत धरतो. तेही दरवेळी खरं नसतं.

गोव्याचं उदाहरण तर घरचंच. डिसेंबर १९६१ मध्ये शरण आलेले तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत गोव्यातल्या छावण्यांत होते. आपल्याला त्यांना ठेवून घेण्यात काही रस नव्हता. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा होता, आणि हुकूम मोडून जिवंत राहिलेल्यांचं स्वागत करायची लिस्बनला घाई नव्हती. शरणागती देणारे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांना पुढे सैन्यातूनच काढून टाकलं. म्हणजे उशीर कधी पकडणाऱ्यामुळे होतो, कधी ज्याची माणसं आहेत त्याच्यामुळेही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो.

लढाईत संध्याकाळी कंपनीत हजेरी होते. जो हजर नाही त्याच्यापुढे काहीतरी लिहावंच लागतं. प्रेत पाहिलं, ओळखीचा बिल्ला मिळाला, तर 'किल्ड इन अ‍ॅक्शन'. दवाखान्यात गेला तर 'वूंडेड'. कोणालाच ठाऊक नाही तर 'मिसिंग'. आणि कोणी सांगितलं की मी त्याला पडताना पाहिलं, पण जागा सोडावी लागली म्हणून जवळ जाता आलं नाही, तर 'मिसिंग, बिलीव्हड किल्ड'. हा शेवटचा शेरा हवेतून येत नाही. त्यामागे बहुधा एका तरी माणसाचं सांगणं असतं. तुमच्या घरी आलेल्या तारेतले ते दोन जादा शब्द म्हणूनच महत्त्वाचे आहेत. नुसतं 'मिसिंग' असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

पण साक्ष म्हणजे पुरावा नव्हे. रात्रीची लढाई, तोफांचा धुरळा, आणि सांगणारा स्वतः अर्धमेला. पडलेला माणूस मेलेलाच असतो असं नाही. जखमी होऊन शत्रूच्या हाती लागलेले कितीतरी. १९६२ चे सरकारी आकडे पाहा: मृत १,३८३, बेपत्ता १,६९६, कैद ३,९६८. मृतांपेक्षा बेपत्ता जास्त! माघार घेणाऱ्या फौजेचा हिशेब असाच दिसतो, कारण रणभूमी शत्रूच्या हातात राहते आणि प्रेतं मोजायला तुम्ही तिथे नसता. चीनने कैदी मे १९६३ पर्यंत परत केले. त्यांत ज्यांची नावं आली नाहीत ते बेपत्ता पुढे कागदावर मृत झाले. एकेकाचं प्रेत कोणी पाहिलं होतं म्हणून नव्हे, तर सगळ्या याद्या संपल्या होत्या म्हणून.

याच्या उलट उदाहरण आपल्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेचं. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाणतीराने (टॉर्पेडोने) फुटून ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. प्रेतं समुद्रातच राहिली, तरी तिथे संशयाला जागा कमी, कारण जहाज बुडताना पाहणारे वाचले होते आणि पाण्यात कोणी कैद करून नेत नाही. प्रेत मिळालं नाही एवढ्यावरून आशा मोठी किंवा छोटी ठरत नाही. ते कुठे आणि कसं मिळालं नाही, यावर ठरतं.

मृतांचे आकडे पुस्तकागणिक का बदलतात, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. १९७१ साठी आपल्या बाजूचा आकडा बहुतेक ठिकाणी ३,८०० च्या आसपास छापतात, काही ठिकाणी बराच कमी. फरक मुख्यतः मोजणी कोणत्या तारखेला बंद केली याचा. जखमांनी दोन महिन्यांनी दवाखान्यात गेलेला धरला का? सीमा सुरक्षा दलाचे धरले का? ३ डिसेंबरला युद्ध सुरू होण्याआधी सरहद्दीवर पडलेले धरले का? शस्त्रसंधीनंतर सुरुंगावर पाय पडून गेलेला कोणत्या रकान्यात? आमच्या टेबलावर हे वाद रोज व्हायचे, आणि त्यात दुःखापेक्षा पेन्शनचा नियम जास्त बोलायचा. 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतली हानी) लागली तर कुटुंबाला वाढीव पेन्शन, नुसती 'फिजिकल' (लढाईबाहेरची) लागली तर कमी. एका शेऱ्याने एका घराचं पुढचं तीस वर्षांचं पोटपाणी ठरतं.

नावांचा गोंधळ तर विचारू नका. एकाच कंपनीत, एकाच तालुक्यातले, एकाच नावाचे दोन शिपाई. एक जखमी, एक मृत, आणि तार चुकीच्या घरी. माझ्या नोकरीच्या आधीची गोष्ट, पण ती फाइल मी पाहिली आहे. पाच दिवसांनी दुरुस्तीची तार गेली, तोवर एका घरात दहाव्याची तयारी झाली होती आणि दुसऱ्या घरात मुलगा वाचला म्हणून साखर वाटली होती. तेव्हापासून मी नावाआधी आर्मी नंबर वाचायला लागलो.

आता कैद्यांच्या यादीचं. तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे पकडलेल्या प्रत्येकाचं कार्ड भरून रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या मध्यवर्ती कचेरीकडे जायला हवं, म्हणजे घरी कळतं. नाव एकदा तिथे चढलं की माणूस गायब करणं अवघड होतं. नाव जगाला ठाऊक असेल तर आणखी अवघड. कारगिलमध्ये फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता २७ मे १९९९ ला पकडले गेले आणि ३ जूनला, लढाई चालू असतानाच, रेडक्रॉसच्या हाती सोपवले गेले. २०१९ मध्ये अभिनंदन वर्धमान तिसऱ्या दिवशी परत आले. त्यांचा चेहरा तोवर घरोघरी मोबाइलवर पोचला होता. पण खंदकातल्या शिपायाला कोण ओळखतं? त्याचं कार्ड भरलंच नाही तर?

म्हणूनच १९७१ च्या ५४ बेपत्ता जवानांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. ते पाकिस्तानी तुरुंगात असावेत असं आपल्या बाजूचं म्हणणं, आणि पाकिस्तान सतत नाकारत आला. २००७ मध्ये १४ नातेवाइकांना तिकडे नेऊन तुरुंग दाखवले. कोणी सापडलं नाही. आजींना या ५४ ची बातमी कधीतरी कानावर आली असणार. त्या यादीत मामांचं नाव आहे का ते आधी बघा. नसेल, तर त्या आशेवर आणखी वर्षं घालवू नका असं मी म्हणेन. कठोर वाटेल, पण कचेरीत दर डिसेंबरला कुंकू लावून येणाऱ्या एक बाई मी पाहिल्या आहेत. त्यांनी पेन्शनच्या कागदावर अकरा वर्षं सही केली नाही, कारण सही म्हणजे तो गेला हे आपल्या हाताने लिहून देणं. कायद्याने सात वर्षं काही कळलं नाही की मृत्यू गृहीत धरता येतो, आणि सैन्य चौकशी करून त्याआधीही ठरवू शकतं. त्या बाईंना मी हे कलम समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्यानं पडताना पाहिलं म्हणता, त्याचं नाव काय?" साक्ष फायलीत होती. मी वरिष्ठांची परवानगी काढून ती त्यांना वाचून दाखवली. पुढच्या महिन्यात त्यांनी सही केली.

तुम्हालाही मी तेच सांगेन. मामा जिवंत आहेत का, हे कोणी सांगू शकणार नाही. पण तो शेरा कोणाच्या सांगण्यावरून लागला, हे शोधता येतं. त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा आणि दोन कागद मागा: कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर (त्या नोंदीचा लष्करी हुकूम), आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली असेल तर तिचं कामकाज. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र पाठवलंत तर जरा लवकर हलतं, असा माझा अनुभव. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरही नाव शोधा. तिथे विटेवर नाव असेल तर सैन्याने त्यांना रणात पडलेला जवान मानलं आहे, आणि आजींना तिथे नेऊन त्या नावावर हात ठेवता येईल. फायली जुन्या आहेत, काही वाळवीने खाल्ल्या असतील, काही नियमाप्रमाणे नष्टही केल्या असतील, त्यामुळे कागद मिळेलच अशी खात्री देत नाही. त्या पलटणीचे निवृत्त लोक मात्र जिल्ह्यात अजून असतील, ऐंशीच्या घरातले. त्यांच्याकडे आधी जा, कागद नंतर.

आणि सगळ्याआधी मामांचा आर्मी नंबर शोधा. जुनी मनीऑर्डरची पावती, पत्राचं पाकीट, ती तार, कशावर तरी तो असेल. नंबर मिळाला की इथेच कळवा, अर्जाचा मसुदा करून देतो.